पहिल्या गिअरला उभी गाडी

त्या सकाळी गाडी पहिल्या गिअरला उभी होती आणि ते मला दिसलं होतं. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. सासूला नाही, माझ्या वडिलांना नाही, आणि चौकशीला आलेल्या पोलीस पाटलाला तर नाहीच नाही. नवऱ्याला सांगितलं, पण ते नंतर.

नवऱ्याला ‘तो’ म्हणायची आमच्यात रीत नव्हती. चारचौघांत ‘मालक’, घरात ‘आवं’. आता लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते. या वयात एवढी मोकळीक घ्यायला हरकत नाही.

तो आष्ट्याजवळच्या मळ्यातला. घरचा ऊस होता, पण थोरले दोन चुलते तो बघायचे, म्हणून हा लढाईत मोटार ड्रायव्हर म्हणून भरती झाला. आमचं लग्न झालं ते त्याच्या एका रजेत. अठरा दिवस आम्ही एकत्र राहिलो आणि मग पावणेतीन वर्षं तो आला नाही. इटलीत ट्रक चालवायचा, एवढंच पत्रांवरून कळायचं. लढाई संपल्यावर परत आला तेव्हा अंगानं होता तसाच होता. पण जेवताना कुणी पितळी जरा जोरात ठेवली तरी दचकायचा, आणि दचकला की समोर जो असेल त्याला मारायचा. समोर बहुतेक मीच असायची.

पहिल्यांदा मारलं तेव्हा त्यानंच मला पाणी आणून दिलं. दुसऱ्यांदा दिलं नाही. पुढे पुढे दचकायचीही गरज उरली नाही. भाकरी करपली, चहा गार झाला, मी हसले, मी हसले नाही, काहीही पुरायचं. सासू घराच्या पुढच्या सोप्यात बसून ऐकायची. मध्ये पडायची नाही आणि नंतर काही विचारायचीही नाही. फक्त तेलाची वाटी माझ्याजवळ सरकवून ठेवायची.

मी साताऱ्याची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मला भाऊ नव्हता, त्यामुळे शाळेतून आलं की पाने उचलून देणं, चाकाच्या तारा आवळणं हे माझ्याकडे असायचं. सातवी पास झाले आणि हाताला काळं तेल लागलेलं घेऊनच सासरी आले म्हणा ना. सासरी त्याचा काही उपयोग नव्हता. उसाच्या घरात सुनेला पाना कशाला लागतोय?

मग त्यानं ट्रक आणला.

लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यातला होता. हिरवा, लांब नाकाचा, पुढं लोखंडी पट्टीसारखा जाड बंपर. गुऱ्हाळावरचा गूळ सांगलीच्या पेठेत न्यायचा असा त्याचा बेत होता आणि तो चाललाही. पण गाडी थकलेली होती. हँडब्रेक नावाला होता. म्हणून कुठंही उभी करायची तर पहिल्या गिअरला टाकून चाकाला धोंडा लावायचा. बॅटरी बसलेली, त्यामुळे रोज सकाळी पुढून लोखंडी हँडल फिरवून चालू करावी लागायची. आणि तिसरा दोष गिअरचा. आतली पट्टी झिजली होती. गिअरचा दांडा घाईनं ओढला की तो एका गिअरची खाच न सोडवताच दुसरीत जाऊन बसायचा. मग दोन गिअर एकदम लागायचे आणि मागची चाकं जागच्या जागी जाम व्हायची. अशा वेळी क्लच दाबून काहीही होत नाही, कारण गाठ इंजिनात पडलेली नसते, त्याच्या मागे पडलेली असते.

हे मला कसं कळलं तर त्यानंच शिकवलं. एकदा तो मला माहेरी सोडायला साताऱ्याला निघाला होता. कऱ्हाड सोडल्यावर पुढं बैलगाडी आडवी आली, त्यानं दांडा खेचला आणि गाडी भररस्त्यात खिळली. मला वाटलं आता मार बसणार. पण त्या दिवशी त्याचं डोकं शांत होतं. पायाखालची फळी काढून त्यानं दांड्याच्या बुडाचे चार बोल्ट सोडवले, दांडा झाकणासकट वर उचलला आणि म्हणाला, “ये हिकडं, बघ.” आत काळ्या तेलात लोखंडाच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. प्रत्येकीला मधोमध एक खाच. “ह्या तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की गाडी न्यूट्रल. आता बघ, एक पुढं गेलीया, एक मागं.” स्क्रू-ड्रायव्हर आत घालून त्यानं एक पट्टी मागं ढकलली, दुसरी पुढं घेतली. टक् असा आवाज झाला. “सुटली,” म्हणाला आणि हसला. मी त्याला विचारत राहिले आणि तो सांगत राहिला, साताऱ्याचा अजिंक्यतारा दिसेपर्यंत. तेवढं सलग आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

त्यानंतर सकाळचं काम दोघांचं झालं. मी आत चढायची, दांडा न्यूट्रलला आणायची, पायानं पेट्रोल द्यायची. तो पुढून हँडल मारायचा. गाडी धरली की तो वर चढायचा आणि मी उतरायची. कधीमधी तो म्हणायचा, “घे रस्त्यापातूर,” आणि मी गोठ्यापासून रस्त्याच्या तोंडापर्यंत ती न्यायची. शंभर पावलंसुद्धा नसतील. पण बाई ट्रक चालवते म्हटल्यावर बघणारे बघायचेच.

सांगलीच्या पेठेत कुणीतरी त्याला बोललं. काय बोललं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच तोंडून कळलं. त्या दिवशी तिन्हीसांजेला तो आला, गाडी नेहमीसारखी गोठ्याकडे तोंड करून लावली, धोंडा ठेवला आणि कुणाशी न बोलता जेवला.

सकाळी थंडी होती. मी सवयीनं गाडीत चढले आणि दांड्यावर हात ठेवला. तेवढ्यात माझा अंबाडा मागून ओढला गेला. मी दारातून पाठीवर खाली पडले. पायरीवर कोपर आपटलं आणि हात खांद्यापर्यंत बधिर झाला.

“ड्रायव्हर घरात ठिवून आलास व्हय रं, म्हणत्यात मला,” तो म्हणाला. “धा माणसांत.”

इंजिनाच्या पंख्याचा जुना पट्टा गोठ्याच्या खुंटीला टांगलेला असायचा. रबराचा, जाड, दोन बोटं रुंद. तो त्यानं काढला. पहिला फटका मी हातावर घेतला, दुसरा मानेवर बसला, तिसरा तोंडावर. ओठ फुटला. पुढचे मी मोजले नाहीत. मी गाडीच्या चाकाला मिठी मारून बसले होते आणि तो पाठीवर मारत होता. मारताना तो धापा टाकत होता. कापडाला पट्टा लागला की एक आवाज यायचा आणि उघड्या कातडीला लागला की वेगळा. सासू दारात उभी होती. तिच्या हातात पिठाची परात होती.

“परत त्या दांड्याला हात लावलास तर हात तोडून गोठ्यात टाकीन,” तो म्हणाला. “आनि तोंडातनं शबुद काढायचा न्हाई. ऐकलंस?”

मी मान हलवली.

त्यानं पट्टा टाकला, पायानं चाकापुढचा धोंडा उडवला, उघड्या दारातून हात घालून स्विच लावला आणि हँडल घेऊन पुढं गेला. आत बघितलं नाही. रोज दांडा मीच न्यूट्रलला आणायची, त्यामुळे ते त्याच्या हाताच्या सवयीत राहिलंच नव्हतं.

मी उठून मडगार्डाला धरून उभी राहिले. दार उघडं होतं. दांडा समोर दिसत होता, पहिल्या गिअरला, त्यानं संध्याकाळी टाकला होता तसा.

हँडल जड चाललं. थंडीत ते तसंही जड जायचं. त्यानं शिवी घातली आणि पुन्हा जोर लावला. गाडी तसूभर पुढं सरकली. तो थांबला, कमरेवर हात ठेवून त्यानं श्वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

“काय बघतीस?”

“काय न्हाई,” मी म्हटलं.

तोंडात रक्त होतं, ते मी गिळलं. मला बोलायला वेळ होता. गिअरला हाय, एवढे दोन शब्द. ते ओठांपर्यंत आले नव्हते असंही नाही. पण मी बोलले नाही.

तिसऱ्यांदा त्यानं सगळं अंग हँडलवर टाकलं आणि इंजिन धडधडत चालू झालं. गाडी उडी मारल्यासारखी पुढं गेली. त्याच्या पाठीशी गोठ्याची दगडी भिंत होती, दोन हातांवर. बाजूला व्हायला तो वळला, तेवढ्यात बंपर त्याच्या डाव्या मांडीवर बसला आणि मांडी भिंतीवर. हाड मोडल्याचा आवाज मी इंजिनाच्या आवाजातून ऐकला. ओली फांदी मोडताना येतो तसा, कोरडा नाही.

तो ओरडला. माणसाच्या घशातून तसा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. आणि इंजिन चालूच होतं. मागची चाकं मातीत फिरत होती, खड्डा करत होती, आणि गाडी त्याला भिंतीत दाबत होती.

मी आत चढले. स्विच बंद करायचा होता, एवढंच करायचं होतं. ते मला सुचलं नाही. मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि क्लच न दाबता जीव खाऊन मागं ओढला. खालून लोखंड लोखंडावर किंचाळलं, दांडा सैल पडला, कुठंतरी जाऊन बसला आणि गाडी हिसका देऊन बंद झाली. त्या हिसक्यानं तो पुन्हा ओरडला. दांडा घाईनं ओढून मी गाडीचा तोच जुना दोष ओढवून बसले होते. दोन गिअर एकदम लागले होते.

सासूच्या हातून परात पडली होती. तिच्या आरोळीनं शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली, पाच-सहा जण. त्यात एक म्हातारे पेन्शनर हवालदार होते, पहिल्या लढाईतले. त्यांना सगळे मामा म्हणत. कुणीतरी बैल सोडून आणले, सोलाचा जाड दोर गाडीच्या मागच्या हुकाला बांधला आणि बैलांना हाणलं. मागची चाकं फिरेनात. गाडी तशीच घसटली आणि बाजूला फरफटली. बंपर त्याच्या मांडीवरून फिरला आणि तो असा किंचाळला की बैल बुजले.

“थांबवा!” मामा ओरडले. “पोरी, क्लच दाब, क्लच!”

“दाबलाय मामा. चाकं सुटत न्हाईत. दोन गिअर एकदम लागल्यात.”

“म्हंजी काय?”

त्या सगळ्या माणसांत म्हंजी काय हे कळणारा एकच होता आणि तो भिंतीत चिणल्यासारखा उभा होता. रेडिएटर त्याच्या छातीला लागला होता. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. पांढरा झाला होता, ओठसुद्धा.

“तू वढलास दांडा?” तो म्हणाला. पुढं त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. शिव्या देता देता त्याचा आवाज फाटला. मग म्हणाला, “फळी काढ. पायातली फळी. काय बघतीस, काढ की!”

मी फळी काढली. पान्यांची पिशवी बैठकीखाली होती. डावं कोपर सुजून पेल्याएवढं झालं होतं, मी उजव्यानं पाना लावत होते आणि डाव्या हातानं नुसतं धरत होते. पहिला बोल्ट सुटला. दुसरा गंजलेला होता.

“अर्ध्या इंचाचा पाना लाव,” तो बाहेरून म्हणाला. “त्यो मोठा घिऊ नगंस. गोल हुईल डोकं.”

“अर्ध्याचाच लावलाय.”

“मग लाथ मार पान्यावर.”

मी टाच घातली. सुटला. तिसरा, चौथा. मी दांडा झाकणासकट उपसून काढला आणि बैठकीवर टाकला. आत तेल होतं, काळं, आणि त्यात तीन पट्ट्या. माझ्या ओठाचं रक्त त्यात टपकत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“काय दिसतंय?”

“आवं, डावी पुढं हाय. मधली मागं.”

“मधली आधी. पुढं घे तिला.”

मी स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घातला आणि रेटलं. काही हललं नाही. हातोडीनं ठोकलं. स्क्रू-ड्रायव्हर सटकून माझ्या तळहातात घुसला. मी तो ओढून काढला आणि पुन्हा लावला.

“हलत न्हाई.”

“डावी बघ.”

“ती बी न्हाई.”

बाहेर त्याचे डोळे मिटले होते. मामांनी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं होतं. मला वाटलं शुद्ध गेली. मी आत हात घालून पट्ट्या चाचपत होते आणि कऱ्हाडच्या पुढच्या रस्त्यावर तो काय बोलला होता ते आठवत होते. गाडी ताणात असली की दात एकमेकांत आवळून बसतात. ताण सुटायला गाडी जरा हलली पाहिजे, पुढं नाहीतर मागं. मागं हलत नव्हती. चाकांनी केलेल्या खड्ड्याचा काठ आडवा येत होता.

मी खाली उतरले आणि म्हटलं, “गाडी पुढं ढकलायला पायजे. बोटभर.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“पुढं?” सासू म्हणाली. “पुढं कुठं? पुढं माजं लेकरू हाय!” ती माझ्या अंगावर आली आणि तिनं माझ्या फुटलेल्या तोंडावर थप्पड मारली. “मारायलाच निघालीया ही! धरा हिला!”

एकानं माझा दंड धरलाही.

“आय,” तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. “आय, गप. खरं हाय तिचं.”

कुणी जागचं हललं नाही.

“ढकला,” तो म्हणाला. “सोडा तिला, वर जाऊ द्या. ती म्हनंल तवा ढकला. लवकर करा गड्यांनो, मला सोसत न्हाई.”

मामांनी आपलं मुंडासं सोडून त्याची घडी केली आणि त्याच्या दातांत दिली. चार जण मागं गेले. मी आत गुडघ्यांवर बसले, स्क्रू-ड्रायव्हर मधल्या पट्टीला लावला, छाती त्याच्या मुठीवर टेकवली आणि डाव्या हातानं क्लच दाबून धरला. मला काचेतून बाहेर बघायचं नव्हतं. पण मी बघितलं. तोही माझ्याकडंच बघत होता. त्यानं मान हलवली.

“ढकला,” मी म्हटलं.

गाडी हलली. किती, ते मला माहीत नाही, पण मला ते माझ्या पोटात कळलं. मुंडाशातून त्याचा आवाज आला. मी सगळं अंग टाकलं आणि मधली पट्टी टक् करून पुढं आली. डावी तर मग नुसत्या बोटानं हलली. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या.

“सुटली! वढा मागं! वढा!”

बैलांनी ओढलं, माणसांनी पुढून रेटलं आणि गाडी अशी अलगद मागं गेली की रेटणारे दोघं तोंडावर पडले. तो भिंतीवरून घसरत खाली आला. मांडीचं हाड धोतरातून बाहेर दिसत होतं. सासूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी गाडीतून उतरले नाही. मला उतरता येईना.

घरातल्या बाजेवर घालून त्याला मोठ्या रस्त्यावर नेलं. इस्लामपूरहून सांगलीला जाणारी सर्व्हिस मोटार थांबवली, मधली बाकं मोकळी करून त्याला आडवा टाकला. सासू आणि मामा बरोबर गेले. मला कुणी चल म्हणालं नाही. मी घरी येऊन परात उचलली आणि मातीत मिसळलेलं पीठ गोळा करत बसले. का, ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन सांगलीच्या दवाखान्यात गेले. पाय वाचला होता. तो लाकडी चौकटीला टांगून त्याला विटा बांधल्या होत्या. सासू खाली पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं.

“गिअर दिसला हुता तुला?”

तो हे विचारणार हे मला माहीत होतं. मोटारीत बसल्यापासून मी उत्तर जुळवत होते, निरनिराळी. त्यातलं एकही दिलं नाही.

“व्हय,” मी म्हटलं.

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी बोलू नको म्हनला हुता.” मग मला ते खोटं वाटलं आणि मी म्हटलं, “आनि मला बोलायचं नव्हतं.”

उशाला पाण्याचा जस्ती मग होता. तो त्यानं हाताला येईल तितक्या ताकदीनं माझ्या तोंडावर मारला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस ओरडायला लागला, कंपाउंडर धावत आला आणि त्यानं बाहेरच्या बाकावर बसवून मला दोन टाके घातले. काय झालं विचारलं तर मी सांगितलं, पाण्याचा मग वरून पडला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन गेले. दुसरं कोण जाणार होतं?

पोलीस पाटील चौकशीला आला तेव्हा मी तिथंच होते. नवऱ्यानंच त्याला सांगितलं, “माजी चूक. गिअर काढायचा इसरलो.” माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बायकोच्या हातून झालं हे सांगायची लाज वाटली म्हणून तसं बोलला, की आणखी काही मनात होतं, ते मी कधी विचारलं नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही.

साडेतीन महिन्यांनी तो घरी आला, डावा पाय तीन बोटं आखूड घेऊन. काखेत कुबड्या. त्या पायानं क्लच दाबणं आता शक्य नव्हतं. ट्रक गोठ्यापुढं धूळ खात उभा होता आणि तो दिवसभर सोप्यात बसून त्याच्याकडं बघायचा. हात मात्र शाबूत होते. मी जवळून गेले की हाताला येईल ते फेकायचा. तांब्या, चप्पल, एकदा पेटती विडी. मी लांबून जायला शिकले. तो बसलेला असला की भिंतीच्या कडेकडेनं जायचं.

उन्हाळ्यातली दुपार होती. मी त्याच्यापुढं ताट ठेवायला वाकले आणि मीठ विसरले म्हणून वळले. त्यानं कुबडी उचलून माझ्या पाठीत घातली. त्याच जागी, जिथं पट्ट्याचे वळ पुरते गेले नव्हते. मी गुडघ्यांवर आले. त्यानं पुन्हा उचलली. या वेळी ती खाली यायच्या आत मी धरली.

तो ओढायला लागला, मीही. बसलेल्या माणसाला जोर लावता येत नाही. कुबडी माझ्या हातात आली. मी उठून उभी राहिले आणि त्याच्या खांद्यावर मारली. मग दंडावर. मग त्यानं डोक्यावर हात घेतले, तर त्या हातांवर. तो “ए, ए” म्हणत होता, दुसरं काही नाही. मी काही बोलत नव्हते. मला माझ्याच धापा ऐकू येत होत्या, तो मारताना टाकायचा तशा. चौथ्या-पाचव्या फटक्याला त्याच्या करंगळीचं हाड मोडलं आणि तो ताटावर आडवा झाला. आमटी सगळ्या सोप्यात पसरली. मी थांबले ते दमले म्हणून, दया आली म्हणून नाही. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. पुढं कितीतरी दिवस मात्र मला वाती नीट वळता यायच्या नाहीत.

कुबडी मी त्याच्या हाताजवळ ठेवली. त्यानं ती बराच वेळ उचलली नाही.

त्या दिवसानंतर त्या घरात कुणी कुणावर हात उगारला नाही. एवढंच झालं. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. तो माझ्याशी कामापुरता बोलायचा आणि मी त्याच्याशी. पावसाळ्याआधी विट्याकडच्या एका माणसाला ट्रक दिला आणि आष्ट्यात त्यानं विहिरीवरची तेल इंजिनं दुरुस्त करायचं काम धरलं, बसून करता येईल असं.

पण त्या दुपारचं आणखी थोडं सांगायचं राहिलं. सासू चुलीपुढं होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा मला वाटलं, ही आता बोंब ठोकणार, मळ्यातली माणसं गोळा करणार. तिनं माझा हात बघितला. तळहाताची जुनी जखम उलली होती. तिनं हळद आणली, दाबून बसवली आणि चिंधी बांधायला लागली.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मी मारलं त्यास्नी.”

“ऐकलं मी.”

तिनं गाठ मारली, उरलेली चिंधी दातांनी तोडली. तिच्या मनगटावर एक जुनं वाकडं हाड होतं, वर आलेलं. ते मी रोज बघायची आणि लहानपणी पडली असेल असं समजायची. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्याच्या बाचा हात मी कवा धरला न्हाई. एकदा बी न्हाई.”

सोप्यातून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. ती थोडा वेळ ते ऐकत बसली. मग उठून तिनं तेलाची वाटी घेतली आणि त्याच्याकडं निघाली. दारात थांबून म्हणाली, “ऱ्हायलेल्या भाकरी तुला टाकता येत्याल का त्या हातानं? न्हाईतर ऱ्हाऊ दे, मी आल्यावर टाकते.”

“टाकते,” मी म्हटलं आणि तव्यावरची करपलेली भाकरी उलटली.